मिलानसाठी शिवलेला कोट

अहो मास्तर,

दुकान आज तुम्हीच उघडा. मी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे चाललेय, काल तुम्ही त्यांना देऊन टाकलेला कोट परत आणायला. तो माझा होता. त्यांचा अजून कापायचाय.

इटलीला, मिलानला जायचं ठरल्यापासून, दुपारी तुम्ही डुलकी काढता तेव्हा शिवत होते. जिथे भाजी आणायलासुद्धा माणसं नटूनथटून निघतात म्हणे, तिथे पहिल्यांदा जाताना शिंप्याची बायको जुन्या स्वेटरमध्ये दिसू नये, एवढंच डोक्यात होतं. आणि वर मलाच विचारता, "त्यावर नाव का नाही लावलंस?" घरच्या माणसानं स्वतःच्या कोटावर नाव लावायचं?

बरं, दोघींचं कापड हिरवं, तुम्हाला वाटलं बाईंचाच शिवून झाला, झाली गफलत. पण बाईंना ढगळ होतो म्हणून तुम्ही तो उसवलात, कंबरेत आत घेतलात, बाह्या आखूड केल्यात. एवढा वेळ माझं माप तुमच्या हातात होतं आणि तुम्हाला ओळखू आलं नाही? रस्त्यात पाठमोरी बाई दिसली तरी तिचा खांदा किती ते सांगता तुम्ही! माझ्याच वेळी काय डोळे फुटले होते?

हॉटेल ठरलंय, तिकिटं आलीत, कॅथेड्रलच्या गच्चीवर कधी चढायचं तेही मी ठरवलंय. त्यात बदल होणार नाही.

जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय. टेप शेजारीच आहे. संध्याकाळी माझं माप घ्या, आणि आठवून नको, बघून घ्या. मग सांगते, मिलानला दोघांनी जायचं की मी एकटीनं.