सध्याची व्यवस्था

प्रिय बारक्या,

तुझं पाकीट मिळालं. आतली अठरा पानं मिळाली आणि वर लावलेली ती पिवळी चिठ्ठीही: ‘ताई, पुस्तकातलं हे प्रकरण तुझ्याबद्दल आहे. वाच आणि काही चुकलं असेल तर निःसंकोच सांग.’ मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रडू येईल म्हणून खोलीचं दार लावून घेतलं होतं, पण रडू काही आलं नाही. दुसऱ्यांदा दार सताड उघडं ठेवूनच वाचलं. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर उचलायचं आणि आपणच पुरं करायचं, ही तुझी सवय कोर्टात चालत असेल. म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आधी किरकोळ चुका सांगते. बाबा ‘वीज खात्यात अधिकारी’ नव्हते, वायरमन होते. दिवसभर खांबांवर चढायचे, आणि तू तीन वर्षांचा असताना तापात तुझे दोन्ही पाय लुळे पडले म्हणून आयुष्यभर जिन्यांशी भांडले. आई ‘गृहिणी’ नव्हती. औषधांच्या कारखान्यात बाटल्यांना लेबलं चिकटवायची, सकाळी साडेसहाला घर सोडायची. ती घरी असती तर तुझ्या पुस्तकात माझ्यावर प्रकरण आलं नसतं. आणि शाळेच्या पायऱ्या साठ नव्हत्या, बासष्ट होत्या. तुझा दोष नाही. तू त्या मोजल्या नाहीस.

माझं इकडे बरं चाललंय. इस्पितळात कपड्यांच्या खोलीतच आहे अजून. चादरी मोजून घ्यायच्या, फाटक्या बाजूला काढायच्या, वॉर्डावॉर्डात पोचवायच्या. गेल्या वर्षी मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून मला खिडकीजवळचं उंच स्टूल दिलंय आणि गाडा ढकलायला दुसरी बाई. पोरी त्याला माझी बढती म्हणतात. डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरून विचारलं होतं, लहानपणी हमाली करत होतात का? मी म्हटलं, हो, शाळेत. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

तू लिहिलंयस, ‘ताई रोज सकाळी हसत हसत मला पाठीवर घ्यायची.’ वाक्य छान आहे, सभेत टाळ्या पडतील. पण तू पाठीवर होतास रे. माझं तोंड तुला दिसलं कुठे?

तू पाचवीत आलास तेव्हा मी आठवीत. आमच्या शाळेत पाचवीपासून तुझी तुकडी तिसऱ्या मजल्यावर, आमची पहिल्यावर, आणि मुतारी फक्त तळमजल्यावर. सकाळी तुला वर नेऊन बाकावर बसवायचं, खाली धावत येऊन माझा वर्ग गाठायचा. तोवर हजेरी झालेली. छोट्या सुट्टीत वर, तुला घेऊन खाली, पुन्हा वर. जेवणाच्या सुट्टीत तेच. शाळा सुटली की शेवटची फेरी. आमच्या बाई पहिले काही दिवस कौतुक करायच्या, मग नुसतं बघायच्या, मग म्हणायला लागल्या, रोजचंच झालं हे तुझं. नववीत मी नापास झाले. फेरपरीक्षेला बसले, पुन्हा नापास. हजेरी कमी म्हणून नाव कमी केलं. बीजगणितात गोडी होती मला, हे तुला माहीत नसेल. कुणालाच माहीत नव्हतं, कारण विचारलं कुणी नाही.

नाव कमी झालं तरी शाळा काही सुटली नाही. तुला न्यायला-आणायला मी रोज येतच होते. मधल्या वेळात शिपायाच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसायचे. वर्गातल्या मुली समोरून जायच्या, पहिल्यांदा थांबायच्या, नंतर मान हलवायच्या, नंतर तेही नाही. तुझ्या पुस्तकात या बाकाचा उल्लेख नाही. तू वर होतास, तुला तो दिसायचा नाही.

त्या बाकावर माझ्याशी बोलणारं एकच माणूस होतं, झाडूवाली मावशी. आठवते? निळी साडी, कानात काही नाही, हसली की पुढचा अर्धा तुटलेला दात दिसायचा. माझी पाठ भरून आली की भिंतीकडे तोंड करून उभं करायची आणि मुठीने दाबून द्यायची. म्हणायची, पोरी, लोक डोक्यावर घेतात तू पाठीवर घेतलंस, पण उतरवायचं कधी ते ठरव. मी हसायचे. ठरवणारी मी कोण?

खटल्याबद्दल तू सुंदर लिहिलंयस, ते मात्र मनापासून सांगते. बाबांनी मागितलं काय होतं? एक वर्ग खाली आणा, एवढंच. तळमजल्यावर हेडमास्तरांची खोली होती, कार्यालय होतं, आणि ढाली नि करंडक ठेवलेली एक अख्खी खोली होती. शाळेने लिहून दिलं की एका विद्यार्थ्यासाठी वर्ग हलवता येत नाही आणि ‘सदर विद्यार्थ्यास कुटुंबातून पुरेशी मदत उपलब्ध आहे’. खालच्या कोर्टाला ते पटलं. बाबा वर गेले. वरच्या कोर्टाने पहिल्याच तारखेला आदेश दिला की अंतिम निकाल लागेपर्यंत सध्याची व्यवस्था चालू ठेवण्यात यावी, विद्यार्थ्याला शाळेतून काढू नये. बाबा तो कागद घेऊन धावत घरी आले. दारातूनच ओरडले, आपल्या बाजूनं आहे! आईने त्यांना पाणी दिलं. तू टाळ्या पिटल्यास. सध्याची व्यवस्था तेव्हा ओट्याशी उभी राहून भांडी घासत होती.

मी बाबांना त्या दिवशी एकदाच विचारलं, म्हणजे अजून किती दिवस? ते म्हणाले, बाळा, हा काही आपल्या एकट्याचा प्रश्न नाही, घटनेचा प्रश्न आहे. राग आला तरी त्यांच्यावर चिडता यायचं नाही, इतका तो माणूस खरा होता. तुझ्या हक्कासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. माझ्या हक्काचं त्यांच्या ध्यानातच आलं नाही. दोन्ही मुलं एकाच घरातली, घटना एकच, आणि आपल्या वकीलसाहेबांच्या फायलीत मी ‘मदत’ या शब्दात मावले.

आता त्या दिवसाकडे येते. तू त्याला चार पानं दिली आहेस. निकालातला एक्केचाळिसावा परिच्छेद जसाच्या तसा दिलायस: ओल्या जिन्यावरून पडून ज्या मुलाच्या मांडीचं हाड मोडलं, त्याला शिक्षणाचा हक्क दिला आहे असं म्हणणं ही थट्टा ठरेल, वर्गापर्यंत पोचणं हा त्या हक्काचाच भाग आहे. हा परिच्छेद तू कायदा शिकणाऱ्या पोरांना शिकवतोस, देशभरच्या शाळांना उतार बांधावे लागले ते या परिच्छेदामुळे, हे सगळं मला माहीत आहे. तू असंही लिहिलंयस की पडण्याआधी माझ्या चपलेचा ओल्या फरशीवर चर्रकन आवाज झालेला तुला आजही ऐकू येतो.

बारक्या, मी त्या दिवशी अनवाणी होते. चपलेचा अंगठा तुटला म्हणून चपला खाली बाकाखाली ठेवल्या होत्या. तो आवाज तू कुठून आणलास? मी सांगते कुठून. इतक्या जणांनी इतक्या वेळा तुला सांगितलं की तुझे कानही साक्षीला उभे राहिले.

तो दहावीच्या निकालाचा दिवस होता, माझ्या जुन्या वर्गाच्या. खाली मुली गुणपत्रिका घेत होत्या. वर्गात माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण तिचा कागद घेऊन माझ्याकडे आली. बीजगणितात तिला माझ्यापेक्षा कमी पडायचे, नेहमी. ती काही वाईट बोलली नाही. एवढंच म्हणाली, तू असतीस तर मजा आली असती. मी तुला उचललं आणि चढायला लागले. तू तेरा वर्षांचा होतास, अंगाने भरला होतास. दुसऱ्या मजल्याच्या पुढच्या वळणावर मी दम खायला थांबले. तू म्हणालास, चल ना ताई, भूमितीचा तास बुडेल माझा. आणि तळहाताने माझ्या खांद्यावर दोनदा थापटलंस. घोड्याला थापटतात तसं. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

मी तुझ्या मांड्यांखाली गुंफलेली बोटं सोडली. सुटली नाहीत, सोडली. तू पडावास असं वाटत होतं की नुसतं तू खाली असावास, माझ्यावर नसावास, असं वाटत होतं, ते मी तीस वर्षं स्वतःला विचारते आहे. तू अकरा पायऱ्या गडगडत गेलास. त्या अकराही मी मोजल्या.

इस्पितळात वकीलसाहेब आले, बाबांच्या आधी मला भेटले. पेन उघडूनच आले होते. म्हणाले, जिना ओला होता ना बाळा? मी नुसती मान डोलावली. एवढाच माझा जबाब. मग त्यांनी तो चांगला लिहून काढला आणि मी खाली सही केली. त्याआधी माझी सही कुणी मागितलीच नव्हती. शाळेनेही लगेच आपले हात झटकले. आठवड्याच्या आत मावशीला कामावरून काढलं, जिना पुसून ओला ठेवल्याबद्दल. ती फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती की त्या दिवशी नळाला पाणीच नव्हतं हो, पुसू कशाने? तुझ्या हाडासाठी पट्ट्या आणायला मी त्याच रस्त्याने जायचे. मी लांबचा रस्ता धरला.

निकाल चुकीचा होता असं मी म्हणत नाही. बासष्ट पायऱ्या खऱ्या होत्या, तुझा हक्क खरा होता, माझी पाठ तर आजही खरी आहे. खोटा होता तो फक्त एक शब्द, ‘ओला’. पण एका बाईची भाकरी त्या एका शब्दावर गेली, आणि तुझ्या पुस्तकात ती पुन्हा आली आहे, पान नऊवर: ‘एका सफाई कामगार बाईच्या बेफिकिरीमुळे ओला राहिलेला जिना’. आयुष्यभर बिनआवाजाच्या माणसांची बाजू मांडणाऱ्या तुला हे वाक्य लिहिताना हात अडखळला नाही याचं मला वाईट वाटलं. मग आठवलं, तुला ते वाक्य मीच दिलं होतं.

कदाचित मी हे पत्र लिहिलंच नसतं. पानं ‘छान आहे’ म्हणून परत पाठवली असती, जशी इतकी वर्षं तुझी भाषणं ऐकून ‘छान झालं’ म्हणत आले. पण मागच्या सोमवारी बायकांच्या वॉर्डात माणसं कमी होती म्हणून चादरी द्यायला मी स्वतः गेले. सातव्या खाटेवर एक म्हातारी होती, छातीत पाणी झालेली. मी उशी नीट करायला वाकले तर ती हसली, आणि तो अर्धा दात दिसला. तिने मला माझ्याआधी ओळखलं. पहिला प्रश्न विचारला, भाऊ कसा आहे गं तुझा, शिकला ना? मी म्हटलं, मोठा वकील झालाय. तिला इतका आनंद झाला की खोकला आला. मग माझा हात धरून म्हणाली, पोरी, मला माफ कर. त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते, पण एवढ्या मोठ्या कोर्टाने लिहिलंय म्हणजे मी जिना पुसलाच असणार. माझीच आठवण खोटी. पोराचा पाय माझ्यामुळे मोडला. बारक्या, ती माझी माफी मागत होती आणि मी चादरीची कड दुमडत उभी राहिले. येत्या गुरुवारी तिला घरी सोडणार आहेत. त्याआधी मी तिच्या खाटेपाशी जाऊन जिना कोरडा होता हे सांगणार आहे, तुला विचारून नाही, तुला कळवून. पुस्तकाचं काय करायचं, निकालाचं काय होईल, लोक तुझ्या तोंडावर काय फेकतील, ते तू बघ. वकील तू आहेस. पान नऊवरचं ते वाक्य मी पेनाने खोडलंय. तुला यावंसं वाटलं तर ये. बायकांचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे लिफ्ट आहे. तुझ्याच निकालाने बसवलेली.

तुझीच, पण आता पाठीवर काही नसलेली,
ताई