मुशीचं तेल लावलेली मूठ

४ नोव्हेंबर, मंगळवार

वही रमजानात घेतली, उघडतोय आज. आठ महिने ‘उद्या लिहीन’ यातच गेले. पण आजचं लिहायलाच हवं — बाइकवरून जेवण पोचवणं खलास! शूटिंग रेंजच्या वर्कशॉपात लागलो. कतारमधली पाचवी नोकरी, पंधरा तारखेपर्यंत ट्रायल. देवव्रत सर पुण्याचे, इथली पिस्तुलं तेच दुरुस्त करतात. म्हणाले, “होड्या बांधणाऱ्याचा मुलगा ना तू? मग एका पिस्तुलाला लाकडी मूठ करून दाखव. जमली तर राहशील. नाहीतर यल्ला, चल, परत बाइक.”

६ नोव्हेंबर

पिस्तूल पन्नास वर्षांचं, पॉइंट टू-टू. सरांनी फोटोत त्याची आई-आजी सगळी दाखवली. पूर्वी नळी मुठीच्या पार वर असायची, गोळी सुटली की पिस्तुलाचं तोंड वर उडायचं. लोकांनी ती उतरवत उतरवत हाताच्या रेषेत आणली. मग पुढे वजनं अडकवली. मग मूठच पंजाच्या मापाची करायला लागले. म्हणजे आधी हाताने पिस्तुलाशी जमवून घ्यायचं, आता पिस्तुलाने हाताशी! अब्बा होडीच्या पोटाला फळी अशीच बसवतात — तासून, लावून बघून, परत तासून. ऐकताना चहा दोनदा गार झाला.

९ नोव्हेंबर

हिबाचा पंजा मातीत दाबून घेतला. मूठ तिच्यासाठी आहे. इथलीच, एकोणीस वर्षांची, पंधराला पहिली मॅच. हिंदी घरच्या ड्रायव्हरकडून शिकली, त्यामुळे हॉर्न वाजवल्यासारखी बोलते. “जल्दी बनाओ, अम्मार भाई. मेरे दादा को ये खेल पसंद नहीं. हारी तो बोलेगा, घर बैठो.”

माझं नि तिचं, दोघांचं एकाच लाकडी ठोकळ्यात अडकलंय.

१२ नोव्हेंबर

अक्रोडाचं लाकूड. कानस, पॉलिश पेपर, परत कानस. मध्येच अल वक्र्याला होड्या बघायला गेलो, अख्खी दुपार गेली. पण रिकामा नाही आलो. एका म्हाताऱ्या कोळ्याकडून मुशीचं तेल आणलं. अब्बा होडीला तेच लावतात, लाकूड समुद्र पीत नाही. मग घाम काय पिणार? तीन हात दिले. काय चमकतेय!

१३ नोव्हेंबर

सकाळी वर्कशॉप उघडलं तर वास आमच्या जयगडच्या जेटीचा. सर दारातच थांबले.

“हे मी दिलेलं जवसाचं तेल नाही.”

“नाही सर. मुशी.”

“कसली मुशी?”

“मासा, सर. शार्क.”

सर खुर्चीत बसले. खांदे हलत होते. हसतायत की रडतायत कळेना. दुसरी मूठ करायला वेळ नाही. साबण, लिंबू, कॉफी, सगळं चोळलं. आता कॉफी प्यायलेला मासा.

हिबाने एका हाताने मूठ धरली, दुसऱ्याने नाक. पण सोडेना. “बैठता है. एकदम बैठता है.”

१५ नोव्हेंबर, दुपार

हिबा चौथी. पदक एका गुणाने हुकलं. पिस्तूल जमा करून तडक घरी गेली. सर माझ्याबद्दल नुसतं “बघू” म्हणाले. बाइकवरच्या जुन्या जोडीदाराला, मुदस्सिरला मेसेज टाकला — बाइकवर जागा आहे का अजून?

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ

सरांचा फोन. “जिथे असशील तिथून ये. हिबाचे आजोबा आलेत, जुने दर्यावर्दी. आयुष्यात पहिल्यांदा रेंजवर. मूठ नाकाला लावून बसलेत. ‘नातीच्या हाताला माझ्या होडीचा वास कोणी लावला, त्याला बघितल्याशिवाय उठत नाही,’ म्हणतात.”

शर्ट बदलणार होतो. नको. तोच वास आहे याला.