कारल्याच्या बियांचं औषध

४ जून, नांदेड
प्रयोगशाळेत पेशींच्या प्लेटचं रीडिंग घेतलं. कारल्याच्या बियांतलं प्रथिन घातलेल्या खणांत कॅन्सरच्या पेशी मेल्या. पेशीत शिरून तिथला प्रथिनं बनवायचा कारखानाच बंद पाडतं ते. पण निरोगी पेशीही मेल्या. सर म्हणाले, नेमक्या गाठीकडं नेणारी अँटिबॉडी जोडल्याशिवाय उपयोग नाही. म्हणजे अजून कितीतरी वर्षं.

७ जून
मुखेडहून धाकट्या भावाचा, बसूचा फोन. आईच्या लातूरच्या केमोच्या दोन तारखा हुकल्या. मला आज सांगतोय! कारण काय, तर दीड महिन्यापूर्वी पेपरात आलेली ती बातमी: 'मुखेडच्या लेकीने शोधले कॅन्सरवर औषध'. मला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आईनं कात्रण आमच्या दुकानात लावलं आणि बिया कुटून पाण्यातून घेतेय. डोकं फिरलं. कुणावर चिडू, तेही कळेना.

८ जून, मुखेड
एसटीनं आले. आई निम्मी झालीय. उलट्या, जुलाब. तरी म्हणते, गुण येऊन राहिला. समजावलं, की पोटात ते पचून जातं, गाठीपर्यंत पोचतच नाही, पोचलं तरी चांगल्या पेशीही मारेल. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लेकीचं औषध सोडून लोकाचं घेऊ का मी?"
परसात जाऊन रडले.

९ जून
आज तिनंच विचारलं, "खरं सांग. तुझं औषध मला मिळंल का?"
"न्हाई."
इतकं सरळ बोलायला नको होतं. पण मग काय...
भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. जेवली नाही. दिवे लागल्यावर बसूला म्हणाली, लातूरची सकाळची गाडी बघ.

११ जून, लातूर
रक्त तपासून केमो लावली. डॉक्टर रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. मधल्या खंडात गाठ किती वाढली ते स्कॅननंतर कळेल.
शेजारच्या खाटेवर देवणीच्या एक बाई. आईनं लगेच सांगून टाकलं, माझी लेक कॅन्सरवर औषध शोधते म्हणून. बाई उठून बसल्या. "कवा येईल वो ते?" मला विचारलं.
आईच म्हणाली, "येईल की. आपल्याला न्हाई, मागून येणाऱ्यांना."
मग डोळे मिटून घेतले तिनं. स्कॅन सोमवारी.