मामाच्या ट्रकचं एक फुटी मॉडेल

४ जानेवारी, रविवार
नवीन वर्ष आजपासून धरतोय. आधीचे तीन दिवस वॉर्मअप. संकल्प एकच. एक काम हातात घ्यायचं आणि शेवटपर्यंत न्यायचं.
काम लगेच मिळालंसुद्धा. फर्डिनंड मामाचा ट्रक ३१ तारखेला भंगारात जाणार. वीस वर्षं चालवला त्याने. सुझान मामी म्हणाली, हल्ली ताटावर बसतो आणि नुसता भात चिवडतो. तिने मला बाजूला घेऊन विचारलं, ऑस्टिन, त्याच ट्रकचं छोटं मॉडेल करशील का? अगदी हुबेहूब? १ फेब्रुवारीला जेवण ठेवलंय, तेव्हा देऊ. पण त्याला कळता कामा नये.
म्हटलं, मामी, झालं समज.
घरी जीना म्हणाली, गिटार आणलीस तेव्हाही झालं समजच म्हणाला होतास. बहिणींना स्मरणशक्ती नको होती.

५ जानेवारी
अभ्यास. स्केल १:२४. म्हणजे ट्रकचा एक फूट, माझा अर्धा इंच. मग मॉडेलांचे व्हिडिओ बघताना एक जर्मन म्हातारा सापडला, त्याच्या मॉडेलच्या सायलेन्सरमधून खरा धूर येतो. त्यावरून रेल्वेची मॉडेलं, त्यावरून बोगदे, बोगद्यांवरून वटवाघळं. वटवाघळांबद्दल आता बरीच माहिती आहे.

११ जानेवारी, रविवार, सकाळी ९
मास्टरस्ट्रोक! मामा-मामी चर्चमध्ये मिस्साला गेले असताना त्यांच्या गावी, गासला जाऊन ट्रक मोजून आलो. माझी मिस्सा चुकली, पण सत्कार्यासाठी.
चिंचेखाली उभा होता. मम्मीची शिलाईची टेप वापरली. लांबी बरोब्बर चोवीस फूट. मॉडेल एक फूट. देवही आपल्या बाजूने आहे. फोटो बावन्न. डाव्या मडगार्डवर वेल्डिंगच्या दोन रेघा, तीही लांबी लिहून घेतली. याला म्हणतात ॲक्युरसी.
ट्रक निळा निघाला. मला पिवळा आठवत होता. पण त्यात शेवटचा बसलो तेव्हा मी पाचवीत होतो, आणि मधली तीन वर्षं मी सिल्वासा, मडगाव, हुबळी असा फिरत होतो. तेवढ्यात रंगवला असणार.

१४ जानेवारी
रंग आणायला वसईला निघालो. कामणला पोचलो. तिथे गोदामांपुढे ट्रकच ट्रक लागलेले असतात, म्हणजे फुकटची लायब्ररी. एका ड्रायव्हरने चहा पाजून क्लच प्लेट समजावली. माझ्या मॉडेलला क्लच नाही, पण ज्ञान वाया जात नाही.
रंग उद्या.

१७ जानेवारी
रंग उद्या.
जीना म्हणते, मामाच्या ट्रकच्या नंबरात शेवटी तिची जन्मतारीख आहे, सतरा. माझ्या फोटोत शेवटी बारा. दहावीला तिला गणितात पस्तीस होते.

२० जानेवारी
मामीचा फोन. हळू आवाजात म्हणाली, पिवळा नीट जुळव हं, पिकल्या केळ्याचा पिवळा.
वीस वर्षं दारात उभा असलेला ट्रक, आणि बायकोला त्याचा रंग माहीत नाही! तिला दुरुस्त केलं नाही. वाईट वाटेल. हो हो म्हटलं आणि निळ्याचे दोन डबे आणले.

२३ जानेवारी
प्रायमर वाळेना. मम्मीचा हेअर ड्रायर लावला. छप्पर मऊ झालं आणि मधोमध बसलं. मम्मी म्हणाली, पाचशे रुपये देऊन केस सेट करते, आणि ड्रायरला वास टायरचा! टायरचा नाही, प्लास्टिकचा. पण वाद घातला नाही.
नवीन छप्पर कापायला घेतलं. अर्धं झालं.

२६ जानेवारी
भुईगावच्या किनाऱ्यावर. खाऱ्या वाऱ्याने लोखंडाला गंज कसा चढतो ते बघायचं होतं. तिथे टेनिस बॉलची मॅच चालू होती, एक जण कमी होता. एकवीस रन. गंज पुढच्या वेळी.

२८ जानेवारी
मामा अचानक घरी. मॉडेल पलंगाखाली सरकवलं. मामा बरोब्बर त्याच पलंगावर बसला. जीनाने तोंडात ओढणी कोंबली.
मामा आपणहून बोलत सुटला. डाव्या दरवाजाला कंबरेचा धक्का दिल्याशिवाय तो लागत नाही, म्हणाला. वीस वर्षं धक्के दिले, आता ही कंबर घरातल्या दारांनाही धक्का देते.
मी तो दरवाजा स्वतः लावून बघितलाय. बोटाने लागतो. माणूस हळवा झाला की असं होतं. मी मान डोलावली.

३१ जानेवारी, शनिवार
आज ट्रक गेला. मम्मी आणि जीना निरोपाला गासला गेल्या. मला वेळ नव्हता, मडगार्डवरच्या रेघा बाकी होत्या. कोणीतरी काम करायला हवं.
दुपारी ४.२० : पूर्ण! नंबर प्लेटसकट! आयुष्यात शेवटपर्यंत नेलेली ही पहिली वस्तू. मी त्याच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.
जीना परत आली, दोन मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली, मस्त झालाय रे, पण कोणाचा आहे?
जळते.

१ फेब्रुवारी, रविवार
मामाच्या अंगणात पंचवीस माणसं. मामीने मामाचे डोळे झाकले. मी रुमाल ओढला.
मामीने माझ्याकडे असं बघितलं की मी एक पाऊल मागे गेलो. मामा वाकला, नंबर वाचला, मडगार्ड बघितलं आणि म्हणाला, अरे विलास, हा तुझा!
विलासकाका भुईगावचे, मामाचे दोस्त. त्यांच्या गल्लीत ट्रक वळत नाही, म्हणून मधून मधून मामाच्या चिंचेखाली लावतात. मामाचा ट्रक त्या रविवारी कामणला गोदामापुढे माल भरायच्या रांगेत लावलेला होता. हे सगळं मला आज, पंचवीस माणसांसमोर कळलं.
विलासकाका ओरडले, माझं वेल्डिंगपन केलंय! कोनी बनवला? आणि मला मिठी मारली. मम्मी म्हणाली, पोरा, एका माणसाला तरी विचारायचंस. मामा हसायला लागला तो थांबेना, पुलाव दोनदा घेतला. भात चिवडला नाही.
मॉडेल विलासकाका घेऊन गेले. मामानेच दिलं. म्हणाला, ज्याचं त्याला.
जेवणानंतर मी हात धुवायला मागे गेलो. मामा चिंचेखाली एकटाच उभा होता. जमिनीवर ऑइलचे डाग. तो हसत नव्हता.

२ फेब्रुवारी
संकल्प नाही. मोजायला ट्रक नाही. माझ्याकडे बावन्न फोटो आहेत, सगळे विलासकाकांच्या ट्रकचे.
सकाळी गासला जाऊन मामाला विचारलं, मामा, तुझा ट्रक कसा होता?
मामाने खुर्ची ओढली. म्हणाला, वही आण.
आता संध्याकाळचे सहा. अकरा पानं झालीत. अजून आम्ही डाव्या दरवाजावरच आहोत.