गावाच्या नावाला आठ चौकोन

नवीन जालना, मंगळवार, १२ जून २००१

आज वर्षाशी भांडलो. माझी जुनी विद्यार्थिनी, आता माझ्याच कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. पडद्यावरचा फॉर्म आधी ग्राफ पेपरवर, एका अक्षराला एक चौकोन असे मोजून आखायचा, मग त्याचा प्रोग्राम लिहायचा, हा माझा धडा तिला काढायचाय. मी उसळलो. "मोजल्याशिवाय बांधलेलं टिकत नाही!" मुलांसमोर भाषणच ठोकलं.

"सर, तुमचं भाषण होईपर्यंत माझा फॉर्म बनला बी."

पोरं हसली. माउसने खोके ओढून खरंच झाला होता. गावाचा खोका मात्र पार कडेपर्यंत ताणलेला. एवढा कशाला?

"इसरले का, सर? तुम्ही आठच चौकोन दिल्ते. माझं गाव तुटून राह्यलं होतं. पडद्यावर नुसतं 'केदारखे'!"

केदारखेडा, इंग्रजीत दहा अक्षरं. ती शिकायला होती तेव्हाची गोष्ट; त्या दुपारी आम्ही दोघांनी सगळे आकडे खोडून पुन्हा लिहिले होते. काय मजा आली होती! म्हणजे मोजूनही मीच चुकलो होतो. मग एवढा उसळलो कशासाठी? त्या दुपारसाठीच, दुसरं काय.

"काढ धडा," म्हणालो.

येताना रिक्षात दुकानांच्या पाट्यांवरची अक्षरं बोटांवर मोजत होतो.