राबातला खांब

१९ जानेवारी २०२५, रविवार

खांदा सुजलाय. सुजू दे!

आज सतरा नंबरचा खांब बेहेडपाड्यावर चढला. सूर्यमाळच्या पुढे ट्रक जात नाही, तिथून दीड किलोमीटर नुसती चढण. ठेकेदाराची आठ माणसं ओढ्यापाशीच बसली. "मॅडम, हा वर जाणार नाही. आधी रस्ता करा." मी म्हटलं, रस्ता होईपर्यंत माझे केस पिकतील. बॅग खाली ठेवली आणि सरळ खांबाला खांदा लावला. पाड्यातल्या सहा बायका पाण्यावरून येत होत्या, त्यांनी हंडे उतरवले आणि त्या माझ्या मागे उभ्या राहिल्या. मग काय! आठही जण मुकाट उठले. पंधरा खांदे आणि एक खांब. वर पोचायला दोन तास लागले.

पाड्यात सध्या माणसं आहेतच किती? दिवाळी झाली की सगळे भिवंडीकडे वीटभट्टीवर. पोरंसुद्धा आई-बापांबरोबर. शाळेत मास्तर आणि पाच मुलं. माझी आई आणि बा पण तिकडेच. मागे राहतात म्हातारी माणसं आणि दोन-चार लेकुरवाळ्या बायका.

एकोणीस घरं. मागे कधीतरी सौर दिवे मिळाले होते, त्यांच्या बॅटऱ्या बसल्या. त्या पेट्यांत आता कोंबड्या अंडी घालतात. आता योजनेत आमचा पाडा बसलाय, आणि लाईन टाकणाऱ्यांत मी आहे! सगळ्या खांबांच्या जागा मीच दाखवल्या, ऑक्टोबरात. आमचे अभियंता हेमंत साहेब नकाशा धरून मागे आणि मी पुढे. "इथे?" "इथे, साहेब." "कोणाला विचारायचं का?" मी हसले. माझाच पाडा, विचारायचं कोणाला!

२० जानेवारी

खांदा अजून दुखतो. कोणाला सांगितलं नाही.

२६ जानेवारी

भट्टीवरून बाचा फोन. सुट्टीच्या दिवशी मुकादम फोन देतो.

"आपल्या दारात खांब आला का?"

"आला. सतरावा."

"दिवा कधी?"

मी बोलून गेले, शिमग्याला घरी याल तेव्हा घरात दिवा असेल. बाने पलीकडे ओरडून सगळ्या भट्टीला सांगितलं, "माझी रविना म्हणते, शिमग्याला दिवा!" आता फिरता येणार नाही. बरंच झालं. मला शब्द दिल्याशिवाय काम सुचत नाही.

९ फेब्रुवारी

शेवटच्या खांबावर मी चढले. खालून सगळा पाडा बघत होता, म्हणजे अकरा माणसं आणि एक कुत्रा.

दामोदर काका खाली दोर धरून. जव्हारचा माणूस, एकतीस वर्षं खांबावर काढलेली. तीन वर्षांपूर्वी मी हजर झाले त्या दिवशी म्हणाले होते, "ओढणी सांभाळशील की पक्कड?" मी दुसऱ्या दिवसापासून ओढणी घातली नाही. आज ठेकेदार खालून मला काहीतरी शिकवायला लागला, तर काका त्याच्यावरच खेकसले, "ती वर आहे ना? मग खालून अक्कल पाजळू नको!"

त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

विद्युत सहायक म्हणून माझी तीन वर्षं ३१ मार्चला भरतात. मग कायम.

२२ फेब्रुवारी

डीपी बसली. केबल ओढून झाली. एकोणीसपैकी बारा मीटर लागले. तपासणी १२ मार्चला, लगेच लाईन चालू. १३ ला होळी. म्हणजे एक दिवस हातात ठेवून! माझ्या हिशेबाला मीच शाबासकी दिली. दुसरं कोण देणार.

५ मार्च, बुधवार

दोनदा आंघोळ केली, अंगाचा धुराचा वास जात नाही.

उरलेले मीटर लावायला पाड्यावर निघाले होते. ओढ्यापासून धूर दिसला. या दिवसांत कुठेही धूर दिसतो, म्हणून लक्ष दिलं नाही. वर पोचले तर धूर माझ्या अकरा नंबरच्या खांबाभोवती.

रामीबायचा राब. भात-नागलीचं रोप टाकायच्या तुकड्यावर ऐनाच्या फांद्या, शेण, पाला रचून भाजतात, तोच. तिने खांबाच्या बुंध्याशी कमरेएवढा ढीग रचलेला. वाऱ्याने ज्वाळा वर गेल्या, केबलचं काळं आवरण वितळून ठिबकत होतं. मीटरची पेटी वाकडी झालेली. रामीबाय हिरव्या फांदीने आग झोडत होती. मीही झोडली. आग विझेपर्यंत चाळीस मीटर केबल गेली होती.

मी खूप ओरडले तिच्यावर. सत्तरीची बाई, माझ्या आईची सुईण. ती खाली बघत उभी राहिली. मी थांबल्यावर म्हणाली, "वर्साला अठंच भाजतांव, पोरी. माझी सासूबी अठंच भाजायची."

"मग खांब उभा केला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तू आपलीच पोर. तुला ठावं असंल वाटला."

मला ठाऊक नव्हतं.

सहा वर्षांची असताना मला आश्रमशाळेत घातलं. घरी यायची दिवाळीला आणि मे महिन्यात. राब भाजतात होळीच्या मागेपुढे. मे महिन्यात काळी राख दिसायची, पण कुठल्या कोपऱ्यात कोणाचा राब ते मी कधी बघितलंच नाही. ऑक्टोबरात तिथे गवत होतं, मोकळा कोपरा होता, म्हणून बोट दाखवलं. मी तिची पोर म्हणून तिने सांगितलं नाही. तिची पोर म्हणून मी विचारलं नाही.

आणि लाईन चालू असती तर? रामीबाय ओल्या फांदीने त्या केबलखाली झोडत होती.

६ मार्च

ठेकेदाराने कागद तयार करून आणला. "सदर महिलेने हेतुपुरस्सर सरकारी मालमत्ता जाळली." खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. पोलिसात द्यायचाय म्हणे.

हेतुपुरस्सर! रामीबायला हा शब्द उच्चारता तरी येईल का?

मला म्हणाला, "मॅडम, सही करा आणि मोकळ्या व्हा. नाहीतर विचारतील जागा कोणी दाखवली. तुमचं कायम व्हायचं पत्र निघायचंय ना?"

सही केली नाही. केबल नवी मागवली तर येईल एप्रिलात. म्हणजे शिमग्याचा शब्द गेला. नोकरी तरी जाऊ नये असं दिवसभर वाटत राहिलं. वाटलं, ते लिहून ठेवते. लाज वाटते.

७ मार्च

सकाळी स्वतःच अर्ज लिहिला. चार ओळी. "अकरा नंबर खांबाची जागा मी दाखविली. ती राब भाजण्याची जागा आहे हे मी स्थानिकांना विचारले नाही. चूक माझी आहे. सदर महिलेचा दोष नाही."

हेमंत साहेबांनी दोनदा वाचला. "रविना, हे वरती जाईल." म्हटलं, जाऊ दे. "चौकशी लागेल." लागू दे. "३१ मार्चचं मग कठीण आहे." तिथे मी अर्जाची दुसरी प्रत पुढे सरकवली. बोलले असते तर रडू आलं असतं, आणि ऑफिसात मी रडत नाही.

बाहेर दामोदर काका पेपर चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "मूर्ख आहेस." मग थोड्या वेळाने, "चहा घे."

ठेकेदाराचा कागद त्याच्याच बॅगेत परत गेला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या सह्यांत माझ्या अर्जाखालची सही मला सगळ्यात आवडली.

९ मार्च, रविवार

आज सुट्टी. पाड्यावर गेले आणि जे ऑक्टोबरात करायचं ते आज केलं. रामीबायला बरोबर घेतलं आणि पहिल्या खांबापासून विचारत निघाले. इथे पावसाळ्यात काय असतं? इथे होळीला काय करता? इथून गुरं जातात का?

ती आधी लाजत होती. पाचव्या खांबापासून माझी मास्तरीण झाली. "हा चालंल. हा पण चालंल. ह्याचा ताण कुठं बांधलास गं? अठून होळीचा बांबू वढत आणतात पोरं!" खरंच, चौदा नंबरचा ताण, म्हणजे खांब ओढून धरणारी तार, बरोबर त्या वाटेत आडवा. एखाद्याचा पाय मोडला असता.

म्हणजे दोन चुका. पकडल्या मात्र मीच. बरं, रामीबायने!

१२ मार्च

तपासणी पुढे ढकलली. चौकशीचं पत्र आलं, १८ ला हजर राहायचंय.

दामोदर काकांनी मात्र कमाल केली. जव्हारच्या स्टोअरमध्ये दुसऱ्या कामातून उरलेला केबलचा तुकडा शोधून काढला. पंचेचाळीस मीटर! हेमंत साहेबांनी लगेच सही दिली. मी आभार मानायला गेले तर काका म्हणाले, "तुझ्यासाठी नाही. तो ड्रम माझ्या वाटेत येत होता."

आता खांब हलवायला माणसं हवीत. ठेकेदाराने हात वर केलेत.

१३ मार्च, होळी

पाडा भरला. दोन टेम्पो भरून माणसं आली. आणि घराघरांत अंधार.

बाने पोत्यात गुंडाळलेला जुना टेबल फॅन आणलाय भिवंडीहून! मी दारातच सगळं सांगून टाकलं. राब, केबल, अर्ज, चौकशी, सगळं. दिवा नाही. शब्द खोटा पडला. तो ऐकत राहिला. मग फॅन अंगणात ठेवला. वाऱ्याने पाती आपोआप फिरली आणि पोरं टाळ्या वाजवायला लागली. आईला हसू आवरेना.

बा म्हणाला, "रामीबायवर नाव जाऊ दिलं नाहीस ना? मग कसला शब्द खोटा."

मला तेव्हा रडू आलं. घरी चालतं.

१४ मार्च

पोरं रस्त्यावर दोरी धरून गाड्या अडवून पोस्त, होळीचे पैसे, मागायला गेली, पण मोठी माणसं गेली नाहीत. सकाळीच बा, सोम्या आणि आणखी सतरा जण फावडी-पहारी घेऊन अकरा नंबरशी उभे. सोम्या भट्टीवरचा सगळ्यात जुना कामगार, खणण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. "सांग पोरी, कुठं लावायचा?"

मी रामीबायकडे बोट केलं. तिने काठीने जागा दाखवली, बांधाच्या वर, कातळाशेजारी. "अठं काय उगवत नाय, काय जळत नाय."

हेमंत साहेबांना फोन केला. ते सुट्टी सोडून आले, जागा मोजली, हो म्हणाले.

१६ मार्च

मुकादमाचे सारखे फोन. टेम्पो उद्या येणार होता. बाने सांगितलं, दिवा लागल्याशिवाय कोणी बसणार नाही. मुकादम ओरडला. बाने फोन सोम्याकडे दिला, सोम्याने रामीबायकडे. रामीबाय फोन उलटा धरून बोलली, तरी मुकादम गप्प झाला!

खांब उभा. ताण सरकवला. केबल मी जोडली. काकांनी सांधा तपासला आणि ते हत्यारं आवरायला लागले. चूक असती तर सोडलं नसतं.

१८ मार्च

चौकशी. विचारलं तेवढं सांगितलं. "यापुढे काय कराल?" मी म्हटलं, विचारीन. चौकशीचे साहेब हसले नाहीत, पण लिहून घेतलं.

१९ मार्च, बुधवार

दिवा लागला!!

दुपारी तपासणी झाली. पावणेसहाला हेमंत साहेबांनी मला खूण केली. डीपीचा स्विच मी वर केला. माझ्या हाताने! क्षणभर काहीच नाही. मग खालून आरडाओरडा. ऊन अजून होतं, दिवे नीट दिसतही नव्हते, तरी प्रत्येक जण घरात जाऊन दिवा बघून बाहेर येत होता आणि परत आत जात होता. आई चुलीपुढे बसून वर बघत होती. म्हणाली, "घर केवढं काळं झालंय गं धुराने. कधी दिसलंच नाही."

बाचा फॅन खडखड करतो. बंद करू देत नाही.

एकोणीस घरं. मोजून आले. छाती भरून आली, खोटं कशाला लिहू. मी केलं हे. आम्ही केलं.

२१ मार्च

पाडा भट्टीवर परत गेला. सकाळी लवकर टेम्पो आला म्हणे. मी मोखाड्याला ड्यूटीवर, निरोपही देता आला नाही. दोन दिवस दिवे, आता कुलपं.

२ एप्रिल

पत्र आलं. कायम करणं सहा महिने पुढे ढकललं. "सर्वेक्षणातील निष्काळजीपणा." बरोबर लिहिलंय. दोन वेळा वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं आणि कामाला गेले. त्या चार ओळी आज लिहायच्या असत्या तरी तशाच लिहिल्या असत्या.

त्याच पाकिटात दुसरा कागद. वरच्या सात पाड्यांच्या सर्वेक्षणाला माझं नाव, शेवटी हेमंत साहेबांच्या हाताने: "जागा ठरवण्यापूर्वी प्रत्येक पाड्यात एक जाणती व्यक्ती बरोबर घ्यावी." वाक्य त्यांचं, शिकवणी रामीबायची.

२२ एप्रिल

संध्याकाळी पाड्यावर पहिलं रीडिंग. कुलूप, शून्य. कुलूप, शून्य. आमचे दोन, तेही बाच्या फॅनचे. वाटलं, कोणासाठी केलं एवढं?

रामीबायचं रीडिंग बघितलं तर वीस युनिट! एकटी बाई, एक दिवा. म्हटलं, कोणालातरी चोरून वायर दिलीय. आवाज चढवूनच आत गेले.

आत अकरा पोरं. शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्याखाली गोल करून बसलेली, पुस्तकं उघडी.

"शिमग्यानं भट्टीवर परत नेली नाय," रामीबाय म्हणाली. "आई-बाप बोलले, उजेड हाय, तं राहतील म्हातारीपाशी. हळू बोल. उद्या परीक्षा हाय त्यांची."