साळुंकीची आठ चित्रं

सेक्टर १०, भिलाई
११ नोव्हेंबर १९८६

ती. नरहरीदादास,
कमलिनीचा सा. न. वि. वि.

आम्ही दोघी मायलेकी तब्येतीनं ठीक आहोत, पण कालपासून माझं लक्ष कशात लागत नाही. आज ऑफिसात दोनदा भलतीच फाइल साहेबांपुढे ठेवली.

रमा दुर्गला पद्मनाभपूरच्या वसुंधराबाईंच्या शाळेत जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिसरीत आली तरी परीक्षा नाही, घोकंपट्टी नाही. मुलं विहिरीत दोर सोडून खोली मोजतात, बाजारातून भोपळा तोलून आणतात. मी चौथीपर्यंतच शिकले, बाकी वाचनालयाच्या पुस्तकांवर निभावलं. पोरीला काही वेगळं मिळतंय याचं मला सुख होतं.

काल तिची वही उघडली आणि दचकले. आठ दिवसांची आठ चित्रं, सगळी एकाच मेलेल्या साळुंकीची. ती शाळेच्या अंगणात पडलेली सापडली. बाईंनी पुरून टाकली नाही. कुत्र्यांनी नेऊ नये म्हणून वर जाळीची टोपली झाकली आणि मुलांना रोज पाहून चित्र काढायला सांगितलं. पहिल्या दिवशी मिटलेला डोळा. तिसऱ्या दिवशी मुंग्या. आठव्या दिवशी पिसं आणि हाडं. दादा, आठ वर्षांच्या लेकरांना हे दाखवायचं?

मी वही मिटली, तर तांदूळ निवडता निवडता रमानं विचारलं, की आई, बाबाले बी मुंग्या लागल्या होत्या का.

सूप हातातून पडलं. तीन वर्षांत तिनं बाबांचा विषय काढला नव्हता. हे गेले तेव्हा तुम्ही तिला सांगितलंत की बाबा डबल ड्युटीवर गेले, आणि वहिनी तिला त्याच दिवशी वर्ध्याला घेऊन गेल्या. चौदाव्या दिवशी ती परत आली, तर भिंतीवर हार घातलेला फोटो. तिनं विचारलं नाही, आपण सांगितलं नाही. मला वाटलं, पोर विसरली. आता काय करू ते लवकर कळवा.

तुमची,
कमल

वर्धा
१७ नोव्हेंबर १९८६

चि. कमलिनीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून सुन्न झालो. तुझ्या वहिनीनं तर पुढ्यातलं ताट सारलं. मी अडतीस वर्षं प्राथमिक शाळेत काढली. असं पाखरू मुलांपुढे ठेवणाऱ्या मास्तरला मी त्याच दिवशी घरी धाडलं असतं. तिसरीच्या पोरीला पावकी-निमकी यायला हवी, आणि हिला काय येतं, तर सडलेल्या पाखराचं चित्र! लहानपणी मी तुला सांगायचो की इतकी पुस्तकं वाचू नको, डोळे जातील. डोळे राहिले, अक्कल तेवढी गेली. रागावू नको, थोरल्या भावाला एवढं बोलू दे.

रमाचं नाव काढून घे. इथल्या शाळेत मी बोलून ठेवलं आहे. तीस तारखेला येतो आणि तिला घेऊन जातो. तुला ती सुट्टीत भेटत जाईल.

ड्युटीचं म्हणशील, तर देवानंदरावांना घाटावर पोचवून आलो तेव्हा त्या पोरीनं माझं बोट धरलं. दुसरं काही सुचलं नाही. आजही सुचणार नाही.

तुझा,
नरहरी

सेक्टर १०, भिलाई
२४ नोव्हेंबर १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

तुमच्या सांगण्यावरून शनिवारी नाव काढायला गेले. वसुंधराबाईंनी वाद घातला नाही. एवढंच म्हणाल्या की वहीचं शेवटचं पान पाहून घ्या. आठव्या चित्रानंतर प्रत्येक मुलानं आपल्याला न कळलेली गोष्ट लिहायची होती, आणि ती कोणाला विचारायची तेही. रमानं लिहिलं होतं, की बाबांचं शेवटी काय झालं ते मामांना विचारायचं. आईला नाही. तिला पण नेलं नव्हतं.

मी तिथेच ओट्यावर बसले. दादा, आपल्यात तिरडीमागे बायकांनी उंबऱ्यापर्यंतच यायचं. मी क्वार्टरच्या फाटकापर्यंतसुद्धा गेले नाही, आणि त्याबद्दल कधी मनातही आणलं नाही. ते त्या पोरीनं हेरून ठेवलं होतं.

घरी आल्यावर मी तिला सांगितलं, की तुझे बाबा वारले. ती म्हणाली, मालूम आहे मले, मामी वेणी घालता घालता रडून राहिली होती. मग इतके दिवस बोलली कावून नाही, असं विचारलं, तर म्हणे मामाले वाईट वाटलं असतं. मी तिला जवळ घेतलं.

नाव काढलेलं नाही. ती वर्ध्याला येणार नाही. मी प्रथमच तुमचा शब्द मोडते आहे, तरी माया पातळ होऊ देऊ नका. तिचे तीन प्रश्न तिच्याच अक्षरात सोबत आहेत. मलाही ते ऐकायचं आहे. उत्तर आल्याशिवाय तुम्ही येऊ नका.

तुमची,
कमल

वर्धा
२ डिसेंबर १९८६

चि. रमास अनेक आशीर्वाद.

हे पत्र चारदा लिहून फाडलं. आईला शेजारी बसवून वाच.

तुझा पहिला प्रश्न, बाबांच्या अंगावर काय होतं. पांढरं कापड होतं. चेहरा उघडा होता. दोन दिवस दवाखान्यात काढल्यामुळे दाढी वाढली होती. दुखत असल्यासारखा चेहरा नव्हता.

दुसरा प्रश्न मुंग्यांचा. मुंग्या लागल्या नाहीत. आपल्यात माणसाला अग्नी देतात. शिवनाथ नदीच्या काठी लाकडं रचली आणि तुझ्या काकांनी अग्नी दिला.

तिसरा प्रश्न, मग काय दिसलं. बाळ, ते मला माहीत नाही. लाकडं पेटली तशी मी पाठ फिरवली. रीत म्हणून नव्हे, मला धीर झाला नाही. नदीकडे तोंड करून उभा राहिलो. पाण्यात एक माणूस म्हशी धूत होता. सात म्हशी होत्या, त्यातल्या एकीचं शिंग मोडलेलं होतं. लोक हलवून निघा म्हणेपर्यंत मी त्या म्हशीच पाहत राहिलो. तुझ्या बाबांना पाहिलं नाही. आणि तसाच घरी येऊन तुला ड्युटीचं सांगितलं.

मामावर रुसलीस तरी चालेल, पण पत्र लिहीत जा. आणि तुझ्या बाईंना विचार, की एवढ्या म्हाताऱ्या विद्यार्थ्याला त्या शाळेत घेतात का.

तुझा,
नरहरीमामा